विद्यार्थी एक, मार्गदर्शक अनेक



अमेरिकेत हवामानशास्त्राच्या प्रयोगशाळांत
कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी तरुण फार कमी दिसत.
ते बदलावं म्हणून १९९६ साली
कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात,
राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात,
‘सोअर्स’ हा उपक्रम सुरू झाला.

पदवीचे विद्यार्थी उन्हाळ्यात तिथे येऊ लागले.
खरंखुरं संशोधन करू लागले.

आणि बरं का, विद्यार्थी एक, मार्गदर्शक अनेक!
एक विज्ञानाचा.
एक संगणकाचा.
आणि एक खास लेखनाचा.

मला हा लेखनाचा मार्गदर्शक फार मोलाचा वाटतो.
हुशार मुलंही शोधनिबंध लिहिताना अडखळतात.
वादळाचा आलेख काढला,
तरी त्याचा अर्थ चार वाक्यांत सांगता यायला हवा.

या तरुणांसमोर एक उदाहरणही होतं.
हवामानाची संगणकीय प्रारूपं घडवणारे वॉरेन वॉशिंग्टन
याच केंद्रातले होते, आणि तेही कृष्णवर्णीय.

म्हणून पुन्हा सांगते, विद्यार्थी एक, मार्गदर्शक अनेक.
आपल्या महाविद्यालयांनाही हे करता येईल.