शिक्का, कुलूप आणि कलमं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)

कमिटीनं मला ‘कायदा आणि आपण’ असा विषय दिलाय. पार्किंग आणि गळती या विषयांवर पंचवीस वर्षांत मी भरपूर बोललोय, म्हणून आज २०२०ची गोष्ट सांगतो. तेव्हा मी सेक्रेटरी होतो आणि वकिलीही करत होतो. म्हणजे निदान मला तरी कळायला हवं होतं.

मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारत होते. चौदा दिवस घरातच राहायचं. आपल्याकडचा असाच एक मुलगा चौथ्या दिवशी दूध आणायला खाली उतरला. वॉचमननं शिक्का पाहिला आणि अर्ध्या तासात ग्रुप पेटला. मी लगेच नोटीस लावली, कलमांसकट.

कलमं खरीच होती. दंड संहितेचं २६९, निष्काळजीपणानं रोग पसरेल असं वागणं, सहा महिन्यांपर्यंत कैद. तेच दुष्टबुद्धीनं केलं तर २७०, दोन वर्षं. सरकारी आदेश मोडला तर १८८. १८९७चा साथरोग कायदाही शिक्षेसाठी याच १८८कडे बोट दाखवतो. हा कायदा मुंबईच्या प्लेगमुळे आला आणि त्याच वर्षी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, कारण तपासणीच्या नावाखाली सोल्जर लोकांच्या घरात शिरत होते. २७१ तर खास क्वारंटाइनचंच कलम, पण ते जहाजं आणि साथीच्या गावांतली ये-जा यांच्यासाठी. दुधाच्या पिशवीसाठी नव्हे! (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत हे आकडे बदललेत. १८८चं २२३ झालंय आणि जास्तीत जास्त शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्ष.)

शिवाय १८८साठी संबंधित सरकारी अधिकाऱ्यानं कोर्टात लेखी तक्रार द्यावी लागते. सेक्रेटरीच्या नोटिशीला तिथं काही किंमत नाही. हे मला माहीत होतं. नोटिशीत लिहिलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं त्यांच्या सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावलं. मी विरोध केला नाही. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये. त्याच रात्री घरातल्या आजींना चक्कर आली. आतून दार वाजवतायत, शेजारी जिन्यात उभे, आणि वॉचमन टाकीचं पाणी बघायला गच्चीवर. वीस मिनिटं गेली. आजी सावरल्या, आपलं नशीब.

एखाद्याला बेकायदा कोंडून ठेवणं म्हणजे कलम ३४२, एक वर्षापर्यंत कैद. दूध आणणाऱ्या पोराला जास्तीत जास्त सहा महिने झाले असते. आम्हाला त्याच्या दुप्पट. त्या घरानं तक्रार केली नाही. पुढच्या महिन्याचा मेंटेनन्ससुद्धा वेळेवर भरला.

आजी आज पुढच्याच रांगेत बसल्यात. आजी, मी तेव्हा तुमच्या दारात येऊन काही बोललो नाही. आज माइकवरून सगळ्यांसमोर माफी मागतो. ते कुलूप अजून ऑफिसच्या कपाटात आहे. पंपाच्या खोलीला लावा म्हटलं, तर कुणी हात लावत नाही.