पाहायचे राहून गेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. भाषणाचा मला सराव नाही. परंतु गेल्या श्रावणात माझ्या हातून झालेली एक चूक मनाला लागून राहिली आहे. तीच आज आपणापुढे सांगते.

आपल्या कासुर्डीहून यवतच्या डोंगरावरचा भुलेश्वर काही लांब नाही. लग्न होऊन या गावी आल्यापासून श्रावणी सोमवार मी सहसा चुकवलेला नाही. बेल वाहायचा, नारळ फोडायचा, घरी परतायचे. गेल्या वर्षी माहेरपणाला आलेली माझी मुलगी आणि आठ वर्षांची नात बरोबर होत्या. नात भिंतीकडे मान वर करून उभी राहिली. म्हणाली, "आजी, हा गणपती बाईसारखा का गं?"

मी तिचा हात ओढला. "चल पुढे, रांग सरकली!"

तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "आई, लहानपणी मलाही तू असंच म्हणायचीस. मग मी विचारणंच सोडून दिलं."

दर्शन झाल्यावर मी मागे फिरले आणि मान वर केली. खरेच, स्त्रीरूपातील गणेश! यादवकाळातल्या कारागिरांनी काळ्या दगडात कोरलेला. इतकी वर्षे मी त्याच्यासमोरून जात होते. देवळात गेले होते, देऊळ पाहिले नव्हते.

आपण म्हणतो, वय झाले, सगळे कळले, आता नवल कशाचे? पण कळल्याने नवल जात नाही. 'ठाऊक आहे' म्हणून आपण पाहणे सोडतो, तेव्हा ते जाते.

पुढे दिवाळीत आम्ही शिरूर तालुक्यातल्या टाकळी हाजीला गेलो. तिथे कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज. नातीने विचारले, "हे रांजण कोणी कोरले?" या वेळी मी म्हटले, "मलाही ठाऊक नाही, बाळ. विचारू या." जावईबापूंनी समजावून दिले. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे सापडतात, जागच्या जागी गरगर फिरतात आणि खालचा खडक घासत जातात. हजारो वर्षे हे दळण चालू आहे. तो खडकही साधा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. जाते ओढलेल्या आपल्यासारख्या बायकांना हे लगेच उमजावे! कारण कळले आणि माझे नवल दुणावले. तेच पाणी घोड नदीतून आपल्या भीमेला मिळते.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. साठी उलटलेल्या बायका तिथे पाटी घेऊन बसल्या. आपल्याला तर पाटीही नको. फक्त क्षणभर थांबायला हवे.

मुलीचे ते राहून गेलेले प्रश्न आता मला परत मिळणार नाहीत. नातीचे मात्र हातचे घालवायचे नाहीत. म्हणून मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने वाणाबरोबर, नव्याने पाहिलेली एक गोष्ट सांगावी. आणि घरी एखादे पोर "का गं?" म्हणाले, तर हातातले काम घटकाभर बाजूला ठेवावे.