मदरबोर्ड घेताना सॉकेटच्या डावीकडे पाहा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



प्रोसेसर म्हणजे काय आणि ओव्हरक्लॉकिंग कशाशी खातात, हे मी सांगत बसत नाही. ते ठाऊक असल्याशिवाय मे महिन्याच्या उकाड्यात तुम्ही इथे आला नसता. मला एकच गोष्ट पटवायची आहे. ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेताना आधी व्हीआरएम पाहा, म्हणजे प्रोसेसरला वीज घडवून देणारा भाग. बाकी सगळं नंतर.

चिपसेटचं लगेच उरकतो. इंटेलचा ‘के’ अक्षराचा प्रोसेसर असेल तर बोर्ड झेड मालिकेचा हवा. बी मालिकेवर मेमरी वाढवता येते, प्रोसेसरचा गुणक नाही. एएमडीकडे बी आणि एक्स चालतात, ए६२० चालत नाही. झालं.

आता जरा मागे जातो, कारण बोर्डाचं महत्त्व लोकांना पहिल्यांदा कळलं ते १९९८ साली. इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला, किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास पेंटियम २ चा ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आला, ६६९ डॉलरचा. सेलेरॉनचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० वर नेली की साडेचार गुणिले शंभर, सरळ ४५०! कॅश १२८ केबीच, पण प्रोसेसरच्याच वेगाने पळणारी. पेंटियम २ ची ५१२ केबीची कॅश निम्म्या वेगाची. कित्येक कामांत हा स्वस्त प्रोसेसर त्या महागड्याच्या बरोबरीने चालायचा.

पण कोणत्या बोर्डवर? ४४०बीएक्स चिपसेटच्या. तिथे १०० ची बस अधिकृत होती, त्यामुळे पीसीआय कार्डांचा वेग ३३ वरच राहायचा, ती बिथरायची नाहीत. आणि बीएक्समध्येही ॲबिट कंपनीचा बीएच६ लोकांनी डोक्यावर घेतला, कारण त्यात बस आणि व्होल्टेज दोन्ही बायोसमधून बदलता यायचं. काही बोर्ड १०० ची बस निवडूच द्यायचे नाहीत. मग मंडळी काय करायची? प्रोसेसरच्या कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांतली बी२१ ही एक पट्टी चिकटपट्टीने झाकायची. काहीजण त्यावर नेलपॉलिश लावायचे. (हशा) हसू नका, काम व्हायचं! बोर्डला वाटायचं की १०० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर बसवलाय. पण व्होल्टेज किंचित वाढवायची वेळ आली की नेलपॉलिशवाले अडकायचे आणि बीएच६ वाले पुढे जायचे. प्रोसेसर दोघांचाही तोच. २००८ अखेर ॲबिटने मदरबोर्डचा धंदा बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या काळात...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, व्हीआरएमकडे येतो.

पॉवर सप्लाय १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास. जोर लावलेला प्रोसेसर २५० वॅट घेत असेल, तर सव्वा व्होल्टला २०० अँपिअर झाले. तो करंट फेजमध्ये वाटला जातो. आठ खरे फेज असतील तर प्रत्येकी २५, चार असतील तर ५०. करंट दुप्पट झाला की रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. रूपांतराची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी सुमारे २८ वॅट उष्णता तिथेच निघते. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असतात. परदेशातल्या थंड खोलीत निभावलेला बोर्ड इथे तापून प्रोसेसरचा वेग स्वतःच खाली आणू शकतो.

हा बोर्ड बघा, मी मुद्दाम आणलाय. सॉकेटच्या डावीकडे आणि वर हे करडे चौकोनी ठोकळे, हे चोक. ते मोजा, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. कंट्रोलर सहा फेजचाच असतो, प्रत्येकाचे दोन केले जातात आणि खोक्यावर बारा छापलं जातं. म्हणून कंट्रोलर कुठला आणि प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरचा, ते शोधा. आणि हे हीटसिंक उजेडात असं तिरकं धरा. इथे ॲल्युमिनियमला खाचा आहेत, त्यांतून हवा खेळते. पुष्कळ बोर्डांवर नुसता गुळगुळीत ठोकळा असतो आणि वर प्लास्टिकचं झाकण. दिसायला छान, उष्णतेला मात्र वाट नाही.

पहिल्या रांगेतून प्रश्न आलाय, ‘एवढं सगळं गेम खेळायलाच ना?’ गेमसाठीही, आणि त्यात कमीपणा कसला? पण व्हिडिओ एडिट करणारे, तासन् तास रेंडरिंग लावणारे यांचा प्रोसेसर गेमपेक्षा जास्त राबतो. चांगला व्हीआरएम त्यांना ओव्हरक्लॉक न करताही लागतो.

प्रोसेसरवर अचानक भार आला की व्होल्टेज खाली येतं. खालच्या मजल्यावर नळ सोडला की वर धार बारीक होते, तसं. ते सावरायला बायोसमध्ये लोडलाइन कॅलिब्रेशन असतं. ते टोकाला नेऊ नका, मधल्या पायरीवर ठेवा. भार उतरताना व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती उसळी तुमचं सॉफ्टवेअर दाखवत नाही.

वेळ संपत आली. मेमरीचाही वेग वाढवायचा असेल तर चारऐवजी दोनच स्लॉटचा बोर्ड सहसा बरा. बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच. आणि कंपनी बायोस वेळेवर देते का, ते पाहा. २०२३ साली रायझनचे काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली ती नव्या बायोसनेच. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या अस्थिरतेवरचा मायक्रोकोडही बायोसमधूनच आला.

विनंती एवढीच, पैसे कमी पडले तर रंगीत दिव्यांवर वाचवा, व्हीआरएमवर नको. दुकानात जाण्याआधी त्या बोर्डच्या व्हीआरएमची तापमान चाचणी शोधा. ती कुठेच सापडली नाही, तर तो बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी घेऊ नका.