जात्याजवळची वही
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)



सामायिकासाठी आपण ४८ मिनिटे आणि एक आसन राखून ठेवतो. कलेसाठी मात्र सवड मिळत नाही, अशी आपली तक्रार! बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. घरची आणि शेतीची कामे करतानाच त्यांनी गाणी रचली. पुत्र सोपानदेव व एका आप्ताने ती टिपून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली.

माझ्या मातोश्रीही दळताना ओव्या रचत. आम्ही भावंडे पिठाची वाट पाहत बसलो. वही कुणीच उघडली नाही. आज त्यांची एकही ओवी मला पूर्ण आठवत नाही.

आता आमच्या सूनबाई दुपारी खिडकीपाशी चित्रे काढतात. त्या वेळचा चहा मी करतो. तो फारसा चांगला होत नाही, हे मान्य आहे.