आपलं ग्रंथालय आणि नवी साधनं
(मंडळाच्या ग्रंथालय समितीतर्फे दिलेलं भाषण)

हातात प्रसाद असताना ग्रंथालयाबद्दल ऐकायला आपण थांबलात, याचं आम्हा कार्यकर्त्यांना अप्रूप आहे.

आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्याचं ग्रंथालय खातं उभं केलं, हे आपल्याला ठाऊक आहे. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या, हेही ऐकलेलं असतं. कमी बोललं जातं ते पुढचं. याच खात्यानं अक्षरओळख नसलेल्यांना मॅजिक लँटर्नची चित्रं नि चलच्चित्रं दाखवली, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला, आणि १९१२पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक चालवलं. नवं साधन ग्रंथालयातल्या माणसानं आधी शिकून घ्यावं, ही रीत आपल्या गावाला नवी नाही.

तीच रीत २००६ साली अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात वेगळ्या रूपात दिसली. हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांना तेवीस छोटी कामं दिली: इंटरनेटवर फोटो चढवा, पुस्तकांची यादी तिथे लावा, विकीत भर घाला, असली. आपापल्या सवडीनं करून बघायचं आणि काय वाटलं ते लिहायचं. सगळी पुरी करणाऱ्याला गाणी ऐकायचा एमपी-३ प्लेअर. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी हा उपक्रम उचलला.

आम्हीही यंदा तसं करून पाहिलं. सगळं जमलं असं नाही. व्हॉट्सॲपवरच्या वाचक-गटात पुस्तकांपेक्षा सुप्रभातची फुलंच जास्त येतात. कपाटावर लावलेल्या क्यूआर कोडकडे कुणी ढुंकून पाहत नाही. देवघेवीची वही मात्र ऑनलाइन तक्त्यात आली आणि तिचा उपयोग रोज होतो.

मन रमलं ते विकिस्रोतात. जुन्या पुस्तकाचं छायाचित्रित पान एका बाजूला, यंत्रानं वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्र जुना ठसा वाचताना 'ख'चा 'रव' करतं, रफार गाळतं, जोडाक्षर फोडतं. ते माणसानं सुधारायचं. एकानं तपासलं की पानाची खूण पिवळी, दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवी. एकट्याला ते हिरवं करता येत नाही, हे आम्हाला फार आवडलं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत उच्चार नसलेले अनुस्वार सापडतात. हात शिवशिवतो, पण ते जसेच्या तसे ठेवायचे. आपण पुस्तक उतरवतोय, लेखकाचा पेपर तपासत नाही!

कायद्याची बाजू सोपी आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं उलटली की, सर्वसाधारणपणे, त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. म्हणजे आज्या-पणज्यांनी बडोद्याला येताना सोबत आणलेली बरीचशी पुस्तकं यात बसतात.

आता अडचणीचं. सभागृहाला जागा हवी म्हणून जुनी चार कपाटं काढावीत, असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. जागेची निकड आम्हालाही दिसते. पण त्या कपाटांत काय आहे याची पुरी यादी आज कुणाकडेच नाही. काही पुस्तकांचं पान उलटताना कोपरा बोटात येतो. त्यांतली कोणती इंटरनेटवर आधीच आहेत आणि कोणती कुठेच नाहीत, हे पाहिल्याशिवाय ती रद्दीत किंवा कुणाच्या माळ्यावर जाऊ नयेत. दिवाळीपर्यंत मुदत द्या, एवढं आमचं मागणं आहे.

त्यासाठी माणसं हवीत. आपली नातवंडं घरी मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. टंकलेखनात मात्र त्यांचा हात कुणी धरणार नाही. आजी-आजोबांना जुना ठसा घडाघडा वाचता येतो, कळफलक नको वाटतो. अशा जोड्या लावायचं ठरवलंय. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ग्रंथालय उघडं असेल. लॅपटॉप मुलं आणतील, आपण वाचायचा चष्मा तेवढा आणा.