चौघींचे सुवर्ण



दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचे चामुंडी विहार क्रीडांगण गजबजून जाते. दसरा क्रीडास्पर्धांसाठी मुली येथे धावायला येतात. हीरक महोत्सवाच्या या सभेत त्यांच्या कितीतरी आधी धावलेल्या चौघींचे स्मरण उचित ठरेल.

१९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. धावण्याच्या शर्यतींत महिलांची सारी सुवर्णपदके जपानने नेली. ४ × १०० मीटर रिलेत भारताला रौप्य मिळाले. तीन वर्षांनी मनिला येथे मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन यांनी त्याच शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेतील भारतीय महिलांचे ते पहिले सुवर्ण. मेरी मुंबईची, स्टेफी पुण्यात वाढलेली; दोघी हॉकीतही निपुण. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी मेरीच्या स्नेह्यांना हॉकीचा सामना भरवून पैसा उभा करावा लागला होता.

मनिलात एकाही भारतीय महिलेला वैयक्तिक सुवर्ण मिळाले नाही. तो पहिला मान १९७० साली बँकॉकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कमलजीत संधू यांनी मिळवला. एकटीला जे साधायला आणखी सोळा वर्षे लागली, ते चौघींनी मिळून आधीच साधले होते.

याचे मर्म बॅटनच्या देवघेवीत आहे. या शर्यतीत घेणारी मागे वळून पाहत नाही. धाव सुरू करून ती हात मागे करते. देणारीने भर वेगात, आखलेल्या टप्प्याच्या आतच, बॅटन तिच्या तळहातावर ठेवायची. घड्याळ मोजते तो बॅटनचा प्रवास. म्हणूनच चार वेगवान धावपटू असलेला संघही हरू शकतो. न पाहता हात पुढे करण्याचा विश्वास भाषणांनी येत नाही, रोजच्या सरावाने येतो.

पुढे २००२ ते २०१८ या काळात ४ × ४०० मीटर रिलेचे आशियाई सुवर्ण भारतीय महिलांनी सलग पाच वेळा जिंकले. त्यांत कर्नाटकच्या अश्विनी अक्कुंजी आणि एम. आर. पूवम्मा यांचाही वाटा आहे.

परंतु संघ घडायचा तर मुली मैदानावर टिकल्या पाहिजेत. दहावीचे वर्ष जवळ आले की अनेक घरांत पहिली कात्री मुलीच्या खेळावर चालते. मुलाच्या क्रिकेटला मात्र सवड सापडते. रिलेच्या बाबतीत हे नुकसान एकीपुरते राहत नाही. एक मुलगी घरी बसली की उरलेल्या तिघींचाही संघ मोडतो.

पालकहो, शाळेला साठ वर्षे झाली. या निमित्ताने मुलींसाठी मागायचे ते एवढेच : दहावीच्या वर्षातही संध्याकाळचा एक तास त्यांना मैदानावर राहू द्यावा. अभ्यासाला उरलेला दिवस आहे. सरावाला तो तासच आहे.