रुग्णाला कोणी विचारले काय?

(ग्रामीण आरोग्यसेवकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण आरोग्याची चर्चा निघाली की आकड्यांची रास आपल्यापुढे ओतली जाते. सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० मागे एक, हा सरकारी दंडक सर्वश्रुत आहे. दंडक हवाच; त्याची हेटाळणी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दाराशी असलेले केंद्र ओलांडून रोगी पदरचे पैसे मोजावयास दुसरीकडे का जातो, याचे उत्तर त्या दंडकात सापडत नाही. अशा वेळी आपण सुशिक्षित मंडळी एक सोपे उत्तर देऊन मोकळे होतो: खेड्यातला माणूस अडाणी आहे! आमच्या मते अडाणीपण असलेच, तर ते न विचारणाऱ्याचे आहे.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था काढून कार्यास आरंभ केला. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. उत्तरे अंतर्मुख करणारी होती. रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका पांढरी वस्त्रे घालतात. आमच्यात मृताला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळतात. रोग्याला आत एकटे ठेवून नातलगांना बाहेर काढले जाते. आणि आमची देवता तेथे नाही. ही उत्तरे हसण्यावारी नेली गेली नाहीत. १९९३ साली शोधग्राम येथे जो दवाखाना उभा राहिला, तो गावातील झोपड्यांच्या धर्तीवर. रोग्यासोबत त्याच्या आप्तांना राहता यावे असा. आणि त्यास नाव दिले गेले माँ दंतेश्वरीचे. वैद्यकशास्त्र तेच राहिले. बदलली ती रोग्याच्या स्वागताची रीत.

विचारल्यावाचून काय दडून राहते, त्याचाही पुरावा याच जिल्ह्याने दिला. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के! दुखणे होते, पण ते विश्वासाने सांगावे असे कान जवळपास नव्हते. अशा स्त्रीला सर्वाधिक मोलाचे काय वाटेल? आडोसा, स्त्री डॉक्टर आणि सांगितलेली गोष्ट चारचौघांत फुटणार नाही ही खात्री. यांतील किती गोष्टींना मोठी इमारत लागते?

जामखेडचा अनुभव निराळा नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेथे गेले, तेव्हा गावकऱ्यांनी प्रथम बोलून दाखविली ती अन्नाची व पाण्याची निकड. ती मान्य करूनच पुढचे आरोग्यकार्य उभे राहिले. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रिया शिकून आरोग्यसेविका झाल्या. कारण त्या हाकेच्या अंतरावर होत्या, आणि त्या आपल्यांतल्याच होत्या.

आता एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगू इच्छितो. दुखणे माणसाला आपल्या मातृभाषेतच नीट सांगता येते. कळ, चमक, ठणका, हुरहूर यांतला भेद परभाषेत कसा सांगावा? सीमाभागातील आपल्यासारख्यांस हे सविस्तर सांगावयास नको. मात्र जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तोच दुसऱ्यास देण्याची जबाबदारीही आपणावर येते. गोंडी बोलणाऱ्या मातेपुढे बसलेल्या मराठी डॉक्टराने तिची भाषा शिकली पाहिजे; निदान ती जाणणारा माणूस शेजारी बसविला पाहिजे.

कोणी म्हणेल, रोग्याला वैद्यकातले काय कळते? औषध कोणते द्यावे हे त्यास कळत नसेल. ते डॉक्टरनेच ठरवावे. परंतु आपणास कसे वागविले, डॉक्टर वेळेवर भेटला की नाही, औषध केंद्रात मिळाले की चिठ्ठी हाती पडली, रोगाचे नाव व पथ्य समजावून सांगितले की नाही, एक दिवसाची मजुरी बुडवून काय पदरात पडले, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. आणि ज्या दवाखान्यावर विश्वास नाही, तेथे अडलेली बाळंतीण वेळेवर पोहोचत नाही. अशा ठिकाणी अपमानाची किंमत अखेर प्राणाने मोजावी लागते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रुग्ण कल्याण समित्या कागदावर आहेत. त्यांच्या प्रत्येक बैठकीत प्रथम रोग्यांचे बोलणे, त्यांच्या भाषेत, ऐकले जावे. जे केंद्र सोडून गेले, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारले जावे. डॉक्टरांच्या वेळा व उपलब्ध औषधे दारावर लिहिली जावीत, आणि लिहिले तसे घडावे. रोग्यासोबत आलेल्या म्हातारीस बसावयास जागा असावी.

आरोग्य हे दान नव्हे. घेणाऱ्यास विचारून द्यावे, तेव्हाच ती सेवा होते.